टीनेजर मूल आणि रेस्क्यू केलेला मस्तीखोर कुत्रा: घरी आणायच्या आधी हे वाचा

मुलाने किंवा मुलीने हट्ट धरलाय, शेल्टरमधला एक उड्या मारणारा कुत्रा पसंत पडलाय आणि तुम्ही आमच्याकडे कुत्र्याच्या ट्रेनिंगची चौकशी करताय, तर हे माहितीपत्रक तुमच्यासाठी. कुत्रा घरी आला की वाचायला वेळ मिळत नाही, म्हणून आत्ताच वाचा.

आधी मोठ्यांसाठी. मूल १५ वर्षांचं असेल तर तीन-चार वर्षांत शिक्षणाला बाहेर जाईल, कुत्रा मात्र साधारण १० ते १३ वर्षं जगतो, म्हणजे पुढे सकाळी पट्टा हातात घेऊन तुम्हीच बाहेर पडणार. हे जमणार नसेल तर आत्ताच नाही म्हणा, कुत्रा दुसऱ्यांदा शेल्टरमधे परत जाण्यापेक्षा मुलाचे चार दिवसांचे रुसवे परवडले. "मीच सगळं करेन" हे मूल मनापासूनच म्हणत असतं, पण परीक्षेच्या आठवड्यात कोण फिरवणार ते आधी ठरवून ठेवा.

आता ज्याला कुत्रा हवाय त्याच्याशी सरळ बोलतो. एनर्जी जास्त आहे ना, मग पळवा, बॉल फेका, दमवा, असं तुला सगळे सांगतील. फिरणं-पळणं हवंच, पण रोज तास-तासभर बॉल फेकलास तर थोड्याच दिवसांत आणखी स्टॅमिनावाला आणि आणखी चेकाळलेला कुत्रा तयार होतो, कारण बॉलमागे धावून अंग दमतं पण डोकं शांत होत नाही. मोठा कुत्रा दिवसाचे १२ ते १४ तास झोपतो आणि शेल्टरच्या गोंगाटात ती झोप बऱ्याचदा झालेली नसते, त्यामुळे संध्याकाळी घरभर उधळणारा, बाही तोंडात धरून लोंबकळणारा कुत्रा कित्येकदा झोपेला आलेला असतो. त्याला शांत कोपरा दे आणि तो झोपलाय तेव्हा मित्रांना दाखवायला उठवू नकोस.

आणि नाक वापरायला लाव. त्याच्या रोजच्या डॉग फूडमधलं मूठभर जुन्या टॉवेलवर पसर, टॉवेल सैलसर गुंडाळ आणि पुढ्यात ठेव. आधी पंजाने ओरबाडेल, मग टॉवेल धरून झटकेल, मग कधीतरी थांबून घडीत नाक खुपसेल आणि फुसफुस करत एकेक दाणा शोधेल, ते संपलं की बरेच कुत्रे आपणहून आडवे होतात. फिरायला नेल्यावरही वास घेऊ दे, खांबापाशी दोन मिनिटं उभं राहावं लागलं तरी ओढू नकोस.

पहिले काही आठवडे मोकळा सोडायचा नाही. घाबरलेला कुत्रा मागे मागे सरकत पट्ट्यातून डोकं काढून घेतो आणि नवीन घर ओळखीचं नसल्याने परत येईलच असं नाही, म्हणून हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) आणि गळ्यातला पट्टा दोन्ही घाल, पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकाच सैल, आणि त्यावर फोन नंबर हवाच.

साधारण सहा महिने ते दीड-दोन वर्षं या वयात कुत्राही टीनेजरच असतो, काल येत होतं ते आज साफ विसरतो (आईबाबांना हे ऐकायला फार आवडतं). अंगावर उड्या मारल्या आणि तू ओरडलास, ढकललंस, तर त्याला वाटतं खेळ सुरू झाला. पाठ फिरव, चारही पाय जमिनीला लागले की लगेच खाऊ, एक-दोन सेकंदांत, उशीर झाला तर कशाबद्दल मिळालं ते त्याला कळत नाही. घरातल्या एकानेही उडी मारल्यावर लाड केले की मेहनत पाण्यात.

गुरगुरला तर रागावू नकोस. ती सूचना असते, ती दाबून टाकली की पुढच्या वेळी सूचना न देता चावू शकतो. तिथून लांब हो आणि आम्हाला फोन कर. दात लागला किंवा रक्त आलं, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि डॉक्टरकडे जायचंच, कुत्र्याला लस दिलेली असली तरी. मुलं हे लपवतात कारण कुत्रा परत पाठवतील अशी भीती असते, तेव्हा आईबाबा, "सांगितलंस तर ओरडणार नाही" हे पहिल्याच दिवशी बोलून ठेवा.

चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असलेलं शुगर फ्री च्युइंगम कुत्र्याच्या तोंडाला लागू द्यायचं नाही, मुलांच्या दप्तरात यातलं काहीतरी असतंच. लसी (रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो) आणि जंताचं औषध यासाठी पहिल्याच आठवड्यात व्हेटला दाखवा.

आम्ही चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी), काटेरी पट्टा, शॉक कॉलर वापरत नाही, आणलात तर बॅगेतच ठेवायला सांगू. पहिल्या सेशनला मूल आणि घरातलं एक मोठं माणूस दोघंही हवेत, नुसतं कुत्र्याला सोडून जाता येणार नाही. येताना लसीचं कार्ड, त्याचं रोजचं खाणं आणि एक जुना टॉवेल आणा, आणि त्या वेळचं जेवण आधी घालू नका, पोट भरलेला कुत्रा आमच्याकडे बघतसुद्धा नाही.