साक्षीदार भूत असेल तर : ऑडिओबुक घेण्यापूर्वी हे वाचा

शहर खरं, पोलीस खरे, साक्षीदार मात्र भूत. अशा इंग्रजी ऑडिओबुकांची आमच्या काउंटरवर नेहमी विचारणा होते. ऑडिओबुकच्या ॲपवर ती ‘अर्बन फँटसी’ या सदरात सापडतील. राजेराण्या आणि ड्रॅगन हवे असतील तर हे सदर तुमचं नाही.

पहिल्यांदाच ऐकणाऱ्याला आम्ही बेन आरोनोविच यांचं ‘रिव्हर्स ऑफ लंडन’ (२०११) सुचवतो. पीटर ग्रँट हा लंडन पोलिसांतला नवखा शिपाई. कोव्हेंट गार्डनमध्ये मुंडकं नसलेलं प्रेत मिळालंय, कडाक्याच्या थंडीत हा पहाऱ्यावर उभा, जोडीदारीण कॉफी आणायला गेलेली. तेवढ्यात सेंट पॉल्स चर्चच्या खांबांपाशी एक इसम भेटतो आणि खून आपण पाहिल्याचं सांगतो. तो स्वतः कधीचाच मेलेला आहे. पीटर पळत नाही, रीतसर जबाब घ्यायला लागतो. पुस्तकाची सगळी गंमत या पोलिसी खाक्यात आहे. पुढे जादूटोण्याची प्रकरणं हाताळणारा इन्स्पेक्टर नाइटिंगेल त्याला हाताखाली घेतो. त्यापुढचं आम्ही सांगणार नाही.

नद्यांबद्दल मात्र सांगायला हवं, नाहीतर ऐकताना गोंधळ उडतो. फ्लीट आणि टायबर्न या लंडनच्या खऱ्या नद्या. आज त्या रस्त्यांखालून, गटारांच्या जाळ्यातून वाहतात. १८५८च्या उन्हाळ्यात थेम्सला इतकी दुर्गंधी सुटली की पार्लमेंटला काम करणं मुश्कील झालं, आणि मग जोसेफ बॅझलजेट यांनी शहराची गटारव्यवस्था बांधली. कादंबरीत या नद्यांना माणसांची रूपं आहेत. थेम्समध्ये टेडिंग्टनच्या बंधाऱ्यापर्यंत समुद्राची भरती पोचते. त्याच्या खालचा भाग मामा थेम्सचा, वरचा म्हाताऱ्या फादर थेम्सचा. हद्दीचं भांडण, दोन्हीकडे मोठा गोतावळा, आणि समेट घडवायला एक शिपाई! नदीला आई म्हणणाऱ्या आपल्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही. ऐकताना मोबाइलवर लंडनचा नकाशा उघडा ठेवा, चर्चपासून नदीपर्यंत सगळं जागच्या जागी सापडेल.

वाचन कोब्ना होल्डब्रूक-स्मिथ यांचं आहे. हे रंगभूमीवरचे नट. २०१९ साली त्यांना संगीत नाटकातल्या भूमिकेसाठी लंडनच्या रंगभूमीचा ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला. पीटरची आई सिएरा लिओनची, मामा थेम्स नायजेरियाची, नाइटिंगेल साहेब जुन्या वळणाचं इंग्रजी बोलणारा. ‘अमका म्हणाला’ हे कानावर पडण्याआधीच कोण बोलतंय ते कळतं. आमच्या मते हे पुस्तक वाचण्यापेक्षा ऐकावं. लंडनी उच्चार सुरुवातीला जड जातात, म्हणून पहिला तासभर वेग ०.९ वर ठेवा. त्याहून कमी केलात तर सगळी पात्रं झोपेत बोलल्यासारखी वाटतात.

लांबी साधारण दहा तास. रात्री अंथरुणात ऐकणार असाल तर स्लीप टायमर लावा, नाहीतर सकाळी खुनी सापडलेला असतो आणि तुम्हाला पत्ता नसतो. लहान मुलांसमोर स्पीकरवर लावू नका. शिव्या आहेत, आणि चेहऱ्यांचं जे काही होतं ते बघवत, म्हणजे ऐकवत नाही.

पैसे भरण्यापूर्वी ॲपवरचा नमुना फुकट ऐका. अमेरिकेतल्या नातलगांकडून भेट मागवणार असाल तर लक्षात ठेवा, तिथे हेच पुस्तक ‘मिडनाइट रायट’ नावाने निघालं. दोन वेगळी पुस्तकं समजून दोनदा विकत घेऊ नका. मालिकेतलं दुसरं ‘मून ओव्हर सोहो’. क्रम मोडू नका, पहिल्याचा शेवट त्यात उघड होतो.

नारायण धारपांच्या ‘समर्थ’ भयकथांवर वाढलेल्यांना इथे भीती कमी आणि विनोद जास्त वाटेल. निव्वळ अंगावर काटा हवा असेल तर तसं काउंटरवर सांगा, वेगळं काहीतरी काढून देऊ.

पेनड्राइव्हवर भरून मिळेल का, असंही विचारलं जातं. नाही. पुस्तक तुमच्याच खात्यावर, तुमच्यासमोर घेऊन देतो. येताना फोन चार्ज करून आणा आणि खात्याचा पासवर्ड आठवून ठेवा. बहुतेकांचा वेळ तिथेच जातो.