अभिलेख कक्ष

तहसील, जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, नगरपालिका अशा कार्यालयांत निकाली निघालेली कागदपत्रे जपून ठेवण्याची आणि मागणी आल्यावर त्यांची नक्कल देण्याची जागा म्हणजे अभिलेख कक्ष. रोजच्या बोलण्यात ‘रेकॉर्ड रूम’. ती सांभाळणारा अभिलेखपाल हा कार्यालयातला सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा कर्मचारी होय. जमिनीचा जुना फेरफार, आजोबांची जन्मनोंद, घराची कर आकारणी यांतले काहीही हवे असले, की माणूस शेवटी त्याच्याच टेबलापाशी येऊन उभा राहतो.

कागद जपण्याची सुरुवात कक्षात होत नाही, लिपिकाच्या टेबलावर होते. महाराष्ट्रात त्यासाठी सहा गठ्ठे पद्धती आहे: प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके (ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणपत्रे), स्थायी आदेश संचिका, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि नष्ट करायचे ‘ड’ वर्गाचे कागद. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखिना अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी असताना कार्यालयीन कामाची जी घडी बसवली गेली, ती पुढे ‘लखिना पॅटर्न’ म्हणून राज्यभर ओळखली गेली. तिच्यात नीटनेटक्या अभिलेखांना मोठे स्थान होते.

निकाली प्रकरणाचे वर्गीकरण ते किती काळ ठेवायचे यावरून होते. ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ 30 वर्षे, ‘क’ 10 वर्षे, ‘क-1’ 5 वर्षे आणि ‘ड’ एक वर्ष. गठ्ठा लांबूनच ओळखता यावा म्हणून बांधायच्या कापडाचे रंगही ठरलेले असतात. बहुतेक ठिकाणी ‘अ’साठी लाल, ‘ब’साठी हिरवा, ‘क’साठी पिवळा, ‘ड’साठी पांढरा. संचिकेच्या प्रत्येक पानाला क्रमांक हवा, वर पानांची सूची हवी. हे काम कंटाळवाणे खरे, पण मधले एक पान गायब झाले तर ते केवळ या क्रमांकावरूनच कळते. वर्ग चुकला तर नुकसान त्याहून मोठे, कारण कायम ठेवायचा कागद मुदत संपली म्हणून रीतसर नष्ट होतो आणि कुणाला त्याची चुटपुटही लागत नाही.

कायद्याने या कामाला पाठबळ दिले आहे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 नुसार विहित पद्धत डावलून अभिलेख नष्ट करणे हा गुन्हा असून त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. माहिती अधिकार अधिनियम, 2005 मधील कलम 4 सर्व अभिलेख सूचीबद्ध ठेवायला सांगते. ‘कागद सापडत नाही’ हे उत्तर म्हणूनच पुरेसे ठरत नाही.

कागदाचे शत्रू मात्र कायदा जाणत नाहीत. वाळवी, कसर, उंदीर, गळके छप्पर, कोकणातली दमट हवा. लोखंडी टाचणी गंजते आणि तिच्याभोवतीचे पान तपकिरी होऊन चाळणीसारखे झडते. त्यामुळे टाचणीऐवजी दोऱ्याने शिवणे बरे. पेशवे दफ्तरातला हातकागद दोनशे वर्षांनंतरही लवचिक आहे, तर विसाव्या शतकातला गिरणीचा आम्लयुक्त कागद घडीवर तुटतो. कपाटे भिंतीपासून सुटी ठेवणे, सर्वांत खालचा कप्पा जमिनीपासून वर असणे, पावसाळ्यानंतर गठ्ठे सोडून सावलीत वारा देणे, असे साधे उपाय महागड्या रसायनांआधी करायचे असतात.

या कक्षांचे मोल 2023 पासून साऱ्या राज्याला कळले. मराठा समाजाला कुणबी दाखले देण्याची पद्धत ठरवण्यासाठी नेमलेल्या निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि वर्षानुवर्षे न उघडलेले गठ्ठे सुटले. इतर मागास वर्गाच्या दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा असल्याने जुना गाव नमुना 14, म्हणजे कोतवालाने ठेवलेली जन्म-मृत्यूची नोंदवही, लोकांना सोन्याहून प्यारी झाली. अनेक वह्या मोडी या जुन्या लिपीत. वही समोर आहे, नाव तिच्यात आहे, पण वाचणारा नाही, अशी गाठ जागोजाग पडली आणि मोडी वाचकांना बोलावणी गेली.

मुंबईत 21 जून 2012 रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत असंख्य फायली जळाल्या. त्यानंतर संगणकीकरणाची निकड सर्वांनाच पटली. आज जुने सातबारा आणि फेरफार ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर पाहता येतात. मात्र स्कॅन केलेल्या पानाला गाव, वर्ष आणि गट क्रमांक चुकीचा जोडला गेला तर ते संगणकातही हरवते. मोडीतल्या नोंदीची प्रतिमा कितीही स्वच्छ असली तरी सूची करणाऱ्याला ती वाचता यावी लागते. त्यामुळे स्कॅनिंगनंतरही मूळ वही ‘अ’ वर्गाच्या लाल कापडात परत बांधून कपाटात ठेवायची असते.