व्हॅसिसीन

अडुळशाच्या पानांतील प्रमुख अल्कलॉइड (वनस्पतीतील नायट्रोजनयुक्त, अल्कधर्मी संयुग). अडुळशाच्या ‘वासा’, ‘वासक’ या संस्कृत नावांवरून हे नाव पडले. याच्या रेणूत कार्बनचे ११, हायड्रोजनचे १२, नायट्रोजनचे २ आणि ऑक्सिजनचा १ अणू असून सांगाडा क्विनाझोलीन वर्गातला आहे. स्फटिक रंगहीन, वितळबिंदू सुमारे २१०° से. अल्कोहॉल व क्लोरोफॉर्म यांत ते सहज विरघळते, ईथरमध्ये कमी. मराठवाड्यात अडुळसा मळ्याच्या कुंपणाला लावतात. शेळ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत.

हूपर यांनी १८८८ च्या सुमारास हे अल्कलॉइड अडुळशातून वेगळे केले. हरमळ या वनस्पतीतून मिळालेले पेगॅनीन बराच काळ वेगळे संयुग मानले जाई. १९३० नंतरच्या दशकात श्पेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्हींची संरचना एकच असल्याचे दाखवले. आता ‘पेगॅनीन’ हे नाव बहुधा ध्रुवण-घूर्णन न दाखवणाऱ्या, म्हणजे ध्रुवित प्रकाशाची पातळी न वळवणाऱ्या, रूपासाठी वापरतात. वामवलनी (ही पातळी डावीकडे वळवणाऱ्या) व्हॅसिसीनाचा त्रिमितीय विन्यास, म्हणजे अणूंची अवकाशातील मांडणी, पूर्वी ‘आर’ समजत. जोशी, पेलेटियर व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तो उलटा, म्हणजे ‘एस’, ठरवला. जुन्या ग्रंथांतील आकृत्या त्यामुळे जशाच्या तशा उतरवू नयेत.

अधिक वाद व्हॅसिसिनोन या व्हॅसिसीनापासून बनणाऱ्या संयुगाबद्दल आहे. अमीन व मेहता यांनी १९५९ मध्ये ते श्वासनलिका रुंदावणारे द्रव्य म्हणून नोंदवले. पण व्हॅसिसीन हवेत आपोआप ऑक्सिडीकृत होऊन व्हॅसिसिनोन बनते (दोन हायड्रोजन जातात, एक ऑक्सिजन येतो), तेव्हा पानात ते मुळात किती आणि खलबत्ता, ऊन व उष्णता यांनी घडलेले किती, हे सांगणे अवघड. पानात थोडे असते आणि हाताळणीत वाढते, हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्यामुळे पाने कधी तोडली, कशी वाळवली आणि किती दिवस ठेवली हे न देता सांगितलेल्या टक्केवारीला फारसा अर्थ नाही.

निष्कर्षणासाठी पाने सावलीत वाळवून भरड पूड करतात. १०० ग्रॅम पूड अल्कोहॉलात थंडच, रात्रभर, तीन वेळा भिजवावी. सॉक्सलेटमध्ये (द्रावक पुनःपुन्हा उकळवून अर्क काढणाऱ्या उपकरणात) तासन् तास उकळणे ऑक्सिडीकरणाला आमंत्रण आहे; शिवाय त्याच्या संघनकाला (वाफ थंड करणाऱ्या नळीला) सतत वाहते पाणी लागते, ते मराठवाड्याच्या उन्हाळ्यात कुठून आणायचे? अर्क आटवताना टबातले बर्फाचे पाणी छोट्या पंपाने फिरवले की भागते. अर्क ५०° से.च्या आत, कमी दाबाखाली आटवून २ टक्के सल्फ्युरिक अम्लात घ्यावा, रात्रभर ठेवून हरितद्रव्याचा चिकट गाळ गाळून टाकावा, मग क्लोरोफॉर्मने धुवावा. येथे हायड्रोक्लोरिक अम्ल टाळतात, कारण अनेक अल्कलॉइडांची हायड्रोक्लोराइडे क्लोरोफॉर्ममध्ये जातात आणि माल धुण्यातच वाया जातो. नंतर अमोनियाने सामू ९ ते १० करून प्रत्येकी ५० मिलि. क्लोरोफॉर्मने तीन-चार वेळा काढावे. फनेल (थर वेगळे करण्याचे नरसाळे) जोराने हलवल्यास पायस (इमल्शन) बनते आणि थर सुटत नाहीत. हलकेच फिरवावे, तरीही पायस झाल्यास थोडे मीठ टाकावे. क्लोरोफॉर्मचा थर निर्जल सोडियम सल्फेटवर सुकवून आटवावा आणि अवशेषाचे अल्कोहॉलातून स्फटिक करावेत.

पाणी ऊर्ध्वपातितच हवे. बोअरचे जड पाणी वापरल्यास त्यातील क्षारांचा पांढरा साका पडू शकतो. नवखे तो अल्कलॉइड समजून तोलतात. चिमूटभर साका पळीवर तापवला की खरे कळते: अल्कलॉइड काळे पडून जळते, क्षार उरतात. 

अल्कलॉइड ओळखण्याच्या ड्रागेनडॉर्फ विक्रियाकारकाने नारिंगी डाग येतो, पण काही प्रथिने व अल्कलॉइडेतर संयुगेही तसाच डाग देतात. म्हणून सिलिका जेलच्या पट्टीवर (पातळ-थर वर्णलेखनात) शुद्ध व्हॅसिसीन शेजारी ठेवूनच निष्कर्ष काढावा. व्हॅसिसिनोनाचा डाग वेगळ्या उंचीवर दिसतो. जुन्या अर्कात तो ठळक आणि व्हॅसिसीनाचा फिका असतो.

कफ पातळ करणारे ब्रोमहेक्झीन व्हॅसिसीनाच्या रचनेवरून तयार झाले. व्हॅसिसीन गर्भाशयाचे आकुंचन घडवते, त्यामुळे गरोदरपणी अडुळशाचा काढा टाळतात.