३७२ मीटरचा उतार, १७ हजार मीटरचा चढ

नकाशावर नुसती दोन टोकं पाहिली तर हा उताराचा प्रवास आहे. फ्रान्समधलं तोनों-ले-बें हे गाव जिनिव्हा सरोवराच्या काठी वसलंय आणि सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून ३७२ मीटर आहे. प्रवास संपतो नीसला, भूमध्य समुद्राच्या काठावर. म्हणजे निव्वळ हिशोबात ३७२ मीटर खाली यायचं, बस्स. मधल्या सुमारे ७०० किलोमीटरांत मात्र आल्प्समधल्या डझनभराहून जास्त खिंडी आडव्या येतात आणि त्यांच्या चढांची बेरीज १७ हजार मीटरच्या आसपास जाते. एव्हरेस्टच्या उंचीच्या जवळजवळ दुप्पट.

या रस्त्याचं नाव 'रूट दे ग्रांद आल्प'. कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, तिथल्या टूरिंग क्लबची. पण त्यातला सगळ्यात उंच दुवा, २७६४ मीटरवरची इझरांची खिंड, १९३७ साली खुली झाली. उद्घाटनाला खुद्द राष्ट्राध्यक्ष आल्बेर लब्रां आले होते. आल्प्समधल्या डांबरी रस्त्यांवरची ही सर्वांत उंच खिंड. उन्हाळ्यात बर्फ हटलं की सायकलस्वारांचे गट गाइड आणि सामानाची गाडी सोबत घेऊन या वाटेने निघतात. टूर कंपन्या अशा सहलींना 'आव्हानात्मक' म्हणतात. ते आव्हान नेमकं कुठे असतं, हे समजून घ्यायला मांड्यांचा घेर मोजण्यापेक्षा ऊर्जेचा जमाखर्च मांडलेला बरा.

७५ किलोचा माणूस, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून १० किलो, एकूण ८५ किलो धरू. बूर-सें-मोरिस गावापासून इझरांपर्यंत ४८ किलोमीटरांत साधारण १९५० मीटर चढावं लागतं. ८५ किलो वजन तेवढं वर उचलायला सुमारे १६०० किलोज्यूल काम लागतं. खाण्याच्या भाषेत सांगायचं तर जेमतेम ३९० कॅलरी. एवढ्यासाठी इतका घाम का गाळायचा, असं वाटेल. पण स्नायूंचं यंत्र फार उधळं आहे. अन्नातून मिळालेल्या ऊर्जेपैकी पेडलपर्यंत पोचते २० ते २५ टक्के, बाकीची उष्णता होऊन जाते. त्यामुळे ३९० कॅलरींचं बिल प्रत्यक्षात दीड ते दोन हजारांवर जातं, आणि हे फक्त एका खिंडीचं.

ती वाया गेलेली उष्णताही गुमान जात नाही. पेडलवर २०० वॉट देणारा माणूस त्याच वेळी सुमारे ७०० वॉट उष्णता अंगातून बाहेर टाकत असतो, म्हणजे एखाद्या इस्त्रीएवढी. सपाटीवर वारा ती उडवून नेतो. चढावर वेग ताशी १० किलोमीटर, त्यामुळे वारा जवळजवळ नाहीच. उरतो तो घाम. ही सगळी उष्णता घामानेच काढायची म्हटली तर तासाला एक लिटर घाम पूर्णपणे वाळायला हवा. हेल्मेटच्या पट्ट्यातून टपकून हँडलवर पडलेला थेंब या हिशोबात धरता येत नाही. अंगावर वाळतो तोच घाम गारवा देतो.

चढावरच्या वेगाचा आणखी एक परिणाम म्हणजे गटाचा फायदा संपतो. सपाटीवर २०० वॉटमध्ये साधारण ताशी ३२ किलोमीटर वेग मिळतो आणि त्यातली चार पंचमांश ताकद निव्वळ हवा कापण्यात जाते. म्हणून कुणाच्या तरी मागच्या चाकाला चिकटून जाणाऱ्याची बरीच मेहनत वाचते. आठ टक्क्यांच्या चढावर त्याच २०० वॉटमध्ये ताशी १० किलोमीटर होतात. त्यात हवेचा वाटा पाचेक वॉटचा, टायरच्या घर्षणाचा दहाच्या आत-बाहेर, बाकी सगळं गुरुत्वाकर्षणाच्या घशात. पुढे कुणी असो वा नसो, आपलं वजन आपणच वर न्यायचं. सामानाच्या गाडीचं मोल इथे कळतं. दहा किलोची बॅग पाठीवर असती तर प्रत्येक चढ बारा टक्क्यांनी महागला असता.

मग गाइड चढावर काय करतो? चांगला गाइड वेग आवरतो, आणि माझ्या मते त्याचं खरं काम हेच आहे. शरीरात कर्बोदकांचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात असतो, स्नायू आणि यकृत मिळून ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे फार तर दोन हजार कॅलरी. चरबीचा साठा मात्र सडपातळ माणसातही हजारो कॅलरींचा. अडचण अशी की चरबी सावकाश जळते. श्रम जितके तीव्र, तितका ग्लायकोजेनवर जास्त डल्ला. पहिल्या पाच किलोमीटरांत, पाय ताजे असताना, जोशात तीस वॉट जास्त देणारा माणूस ते तीस वॉट बहुतांशी याच छोट्या डब्यातून काढत असतो. डबा रिकामा झाला की डोळ्यांपुढे अंधारी येते, हात थरथरतात, पाय शिशाचे होतात. तसं झालं की जिद्दीचा उपयोग नाही.

वरून भर टाकायची म्हटलं तर त्यालाही मर्यादा आहे. आतड्यांतून नुसतं ग्लुकोज तासाला साधारण ६० ग्रॅमच शोषलं जातं. सोबत फ्रुक्टोज घेतलं तर ते वेगळ्या वाटेने आत जातं आणि आकडा ९० ग्रॅमपर्यंत नेता येतो. ९० ग्रॅम म्हणजे ३६० कॅलरी आणि तासाचा खर्च ७५० च्या घरात. खर्च नेहमीच जमेच्या पुढे. ही तूट रात्री जेवून भरायची, पण पुरता रिकामा झालेला साठा भरायला भरपूर खाऊनही साधारण दिवसभर लागतो आणि सकाळी पुन्हा खोगिरावर बसायचं असतं. अनेक दिवसांच्या सहलीचा अवघडपणा या शिलकीत आहे. पहिल्या दिवशी उधळलेलं तिसऱ्या दिवशी वसूल होतं. भूक लागायची वाट न पाहता खात राहा, असं गाइड दर अर्ध्या तासाला कानीकपाळी ओरडतो, तो त्याचा चिकटपणा नव्हे.

उंचीचा त्रास असतो, पण लोक समजतात तेवढा नाही. इझरांवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या ७१-७२ टक्के. ऑक्सिजनचं प्रमाण तेच, २१ टक्के, फक्त प्रत्येक श्वासात हवाच कमी. सवय नसलेल्या माणसाची कमाल क्षमता दहा-पंधरा टक्क्यांनी घटते. हळू चालवा, झालं.

गिअरची गोष्ट जास्त महत्त्वाची. साखळीच्या पुढच्या दातचक्राला ३४ दात आणि मागच्यालाही ३४ असतील तर पेडलच्या एका फेऱ्यात चाकही एकदाच फिरतं, म्हणजे साधारण २.१ मीटर. ताशी १० किलोमीटर वेगाला मिनिटाला ऐंशीच्या आसपास फेरे पडतात, पायांना सोसणारी लय. पुढे ३९ आणि मागे २५ असं जुनं गणित असेल तर त्याच वेगाला फेरे ५० वर येतात आणि दर फेऱ्याला गुडघ्यावर दीडपटीहून जास्त जोर. गंमत म्हणजे इझरांचा रस्ता खुला झाला त्याच १९३७ साली तूर द फ्रान्स शर्यतीने साखळी एका दातचक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारे गिअर सर्व स्पर्धकांना वापरू दिले. त्याआधी, १९११ पासून, शर्यत गालिबिएची खिंड २५५६ मीटर उंचीवरच्या बोगद्यातून ओलांडत होती. तेव्हा गिअर बदलायचा तर उतरायचं, मागचं चाक काढायचं, उलटं करून बसवायचं आणि पुढे निघायचं.

आता रस्त्याची दुसरी बाजू. चढून कमावलेले ते १६०० किलोज्यूल उतारावर परत मिळतात, पण हातात काही पडत नाही. त्यांची उष्णता होते, हवेत नाहीतर ब्रेकमध्ये. आठ टक्क्यांच्या सरळ उतारावर ब्रेकला हात न लावता सोडलं तर ८५ किलोचा ऐवज ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास स्थिरावतो. तिथे सगळी उष्णता हवा घेते, ब्रेक थंडगार. भीतीने अगदी हळू उतरणाऱ्याचे ब्रेकही बेताने तापतात. सर्वांत वाईट वेग मधला. गणित सांगतं की कमाल वेगाच्या ५८ टक्क्यांवर, म्हणजे इथे ताशी ३८ किलोमीटरच्या सुमारास, ब्रेकवर सर्वाधिक भार येतो. दोन्ही ब्रेक मिळून चारशेहून जास्त वॉट, अखंड. घाबरट माणूस नेमका याच वेगाला ब्रेक अर्धवट दाबून धरतो. रिमवर घासणारे ब्रेक असले तर रिम तापून ट्यूब फुटल्याची उदाहरणं आहेत, आणि कार्बनच्या रिममध्ये तंतूंना धरून ठेवणारं रेझिनच मऊ पडू शकतं. गाइडचा सल्ला ठरलेला असतो: सरळ रस्त्यावर ताठ बसा, छातीवर वारा घ्या, वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात दाबा, मग सोडा. वळणं जवळजवळ असतील तर हेही पुरत नाही. मग थांबायचं, ब्रेक निवू द्यायचे.

थांबलं की थंडी वाजते. समुद्रावर २८ अंश असतील तर उंचीच्या सरासरी हिशोबाने इझरांवर १० अंश. त्यात ताशी ५० किलोमीटरचा वारा, अंगात घामाने भिजलेली जर्सी आणि पेडल न मारणारे, उष्णता न बनवणारे पाय. जाकीट वर पोचल्यावर लगेच घालायचं असतं, फोटो नंतर. गारठलेली बोटं ब्रेक नीट दाबू शकत नाहीत.

शेवटच्या दिवशी वार नदीच्या खोऱ्यातून नीसकडे उतरणाऱ्यांना वाटतं, आता पाय हलवायचेही नाहीत. पण दुपारी तापलेली जमीन समुद्रावरची हवा ओढून घेते आणि तो वारा खोऱ्यातून वर, थेट तोंडावर येतो. ताशी २० किलोमीटरचा वारा समोरून असताना ताशी २५ ने जायचं म्हणजे हवेच्या दृष्टीने ४५ ने जाणं. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे इथे सव्वातीनपट. खिंडींमध्ये निरुपयोगी ठरलेला गट इथे कामाला येतो. गाइड सगळ्यांना एका रांगेत लावतो आणि दर दोन मिनिटांनी पुढच्याला मागे बोलावतो. इझरांवर सर्वांच्या पुढे पळालेला गडी या रांगेत बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी असतो, आणि पुढे यायची पाळी आली की मागच्याला हळूच म्हणतो, तूच जा.