उत्तेजक गोळीने मूल शांत कसं होतं?

शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा एक फॉरवर्ड आला, की एडीएचडीच्या (लक्ष न टिकणं, सतत चुळबुळ, विचार न करता वागणं, हा मुलांमधला त्रास) नावाखाली डॉक्टर लोक मुलांना गुंगीच्या गोळ्या देऊन गप्प बसवतात. खाली अंगठ्यांची रांग. राहवलं नाही म्हणून हे लिहितोय, कारण या आजारात सगळ्यात जास्त वापरली जाणारी गोळी गुंगीची नाहीच, ती उलट उत्तेजक आहे, झोप उडवणाऱ्या जातीची. आणि असल्या औषधाने मुलांचं वागणं सुधारतं हे पहिल्यांदा टिपलं ते एका बालरोगतज्ज्ञाने, चार्ल्स ब्रॅडली यांनी.

अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधे १९३१ साली एक हॉस्पिटल सुरू झालं, मुलांच्या मानसिक आजारांसाठीचं त्या देशातलं पहिलं. जॉर्ज ब्रॅडली नावाच्या श्रीमंत गृहस्थांच्या मुलीला, एमाला, सात वर्षांची असताना मेंदूज्वर झाला आणि ती कायमची अधू झाली, म्हणून त्यांनी आपली संपत्ती अशा मुलांसाठी ठेवली. चार्ल्स हे त्यांच्याच नात्यातले. बालरोगाचं शिक्षण घेऊन तिथे आले आणि मग आयुष्यभर बालमानसोपचारातच रमले.

तेव्हा एमआरआय कुठला, सीटी स्कॅनही नव्हता. मेंदूचा फोटो काढायचा तर कमरेत सुई घालून मेंदूभोवतीचं पाणी काढायचे, तिथे हवा भरायचे आणि एक्सरे घ्यायचे. पाणी परत भरेपर्यंत मुलांचं डोकं भयंकर दुखायचं. ब्रॅडलींना वाटलं बेन्झेड्रिन, म्हणजे ॲम्फेटामिन, दिलं तर पाणी लवकर तयार होईल. डोकेदुखीला फारसा उतार पडला नाही, पण काही मुलं अचानक अभ्यासाला बसायला लागली! मग त्यांनी पद्धतशीर बघितलं, ३० मुलांना आठवडाभर गोळी दिली, त्यातल्या १४ जणांची शाळेतली प्रगती डोळ्यात भरण्यासारखी होती, आणि १९३७ साली हे छापून आलं. मुलं स्वतःच त्यांना ‘गणिताच्या गोळ्या’ म्हणायची.

(त्याच १९३७ साली आपल्या मुंबईत सर दोराबजी टाटा स्कूलने, म्हणजे आजच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने, भारतातलं पहिलं चाइल्ड गाइडन्स क्लिनिक, म्हणजे मुलांच्या मनाच्या-वागण्याच्या तक्रारींसाठीचा दवाखाना, काढलं. त्यामुळे ‘ही सगळी आजकालची फॅडं’ हे म्हणणं सोडा.)

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. कपाळामागे मेंदूचा जो भाग असतो, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, त्याचं अर्धं काम म्हणजे थांबवणं: बाकावरून उठू नको, खिडकीबाहेर बघू नको, बाईंचं वाक्य संपेपर्यंत ते लक्षात ठेव. हा भाग नीट चालायला डोपामिन आणि नॉरएड्रेनॅलिन ही दोन रसायनं लागतात, आणि तीही बेताची. संध्याकाळी सात वाजता दादर स्टेशनवर अनाउन्समेंट ऐकू यायची असेल तर स्पीकरचा आवाज वाढायला हवा आणि गर्दीचा कलकलाट कमी व्हायला हवा, तसं नॉरएड्रेनॅलिन कामाचा सिग्नल वाढवतं आणि डोपामिन बिनकामाचा आवाज दाबतं. कसं, तर नॉरएड्रेनॅलिन अल्फा-२ए रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या त्याच्या ठरलेल्या खाचेत, बसलं की पेशीतलं सायक्लिक एएमपी नावाचं निरोप्या रसायन कमी होतं, त्यामुळे पेशीच्या फांद्यांवरचे एचसीएन नावाचे आयन चॅनेल, म्हणजे विद्युतभारित कणांची ये-जा होणारी दारं, बंद होतात आणि आलेला सिग्नल वाटेतच गळून जात नाही. बाजूच्या नको असलेल्या जोडण्यांवर डोपामिन डी-१ रिसेप्टरमार्फत बरोबर उलटं करतं, तिथले चॅनेल उघडून त्या कमजोर करतं. मिथाइलफेनिडेट, म्हणजे आज मिळणारी गोळी, ही दोन्ही रसायनं पेशीत परत खेचून घेणारे पंप अडवते, त्यामुळे ती बाहेर जास्त वेळ टिकतात. डोस जास्त झाला की मात्र हेच यंत्र बिघडतं, म्हणून मोजूनमापून द्यावी लागते. थोडक्यात ब्रेकच नीट लागायला लागतो, मूल गुंगत नाही. मेंदूच्या वरच्या केंद्रांचं कामच आवर घालायचं असतं हा अंदाज ब्रॅडलींनी तेव्हाच बांधला होता, रिसेप्टर बिसेप्टर काही माहीत नसताना.

आणि हे फक्त एडीएचडीवाल्या मुलांतच होतं असंही नाही. १९७८ मधे जुडिथ रॅपोपोर्ट या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी कुठलाही त्रास नसलेल्या मुलग्यांना ॲम्फेटामिन देऊन पाहिलं, त्यांचंही लक्ष वाढलं, चुळबुळ कमी झाली. म्हणजे ‘गोळी लागू पडली, मग एडीएचडीच असणार’ हे चूक. निदान होतं ते घरी आणि शाळेत दोन्हीकडे मूल कसं वागतं ते विचारून, झोप, कान, डोळे सगळं तपासून.

दृष्ट काढून यातलं काही होत नाही. डोळे बांधून वाचायला शिकवणारे ते मिडब्रेन ॲक्टिव्हेशनचे क्लास तर शुद्ध फसवणूक आहे, मुलं पट्टीखालून नाकाशेजारच्या फटीतून बघतात. हजारो रुपये तिथे घालवण्यापेक्षा सायनच्या किंवा नायर हॉस्पिटलच्या ओपीडीत जा. गोळी सुरू झालीच तर भूक मंदावते, झोप उशिरा लागते, म्हणून डॉक्टर दर व्हिजिटला वजन-उंची बघतात आणि बीपी मोजतात, ती व्हिजिट चुकवू नका आणि मनाने डोस वाढवू नका.