परमवीरचक्र की अशोकचक्र? आधी समोर कोण होतं ते बघा

प्रजासत्ताक दिन जवळ आला की ठरलेलं. एखाद्या जवानाला मरणोत्तर अशोकचक्र जाहीर होतं आणि तासाभरात फॉरवर्ड फिरू लागतो: 'एवढा पराक्रम करूनही परमवीर नाकारलं!' खाली हात जोडलेले इमोजी आणि सरकारच्या नावाने शिव्या. तळमळ खरी असते हो, पण प्रश्नच चुकलेला असतो.

परमवीरचक्र सगळ्यांना माहीत आहे, त्यात फार रेंगाळत नाही. २६ जानेवारी १९५० ला स्थापना, लागू १५ ऑगस्ट १९४७ पासून. आजवर २१ मानकरी, त्यातले १४ मरणोत्तर. पदकाचं डिझाइन सावित्रीबाई खानोलकरांचं.

अशोकचक्र १९५२ चं. तेव्हा नाव होतं 'अशोकचक्र, वर्ग १'. पुढे १९६७ मध्ये वर्ग गेले आणि अशोक, कीर्ती, शौर्य ही तीन नावं आली. घोळ मात्र दुसऱ्याच शब्दाने केलाय. बातमीत हमखास छापतात, 'शांतताकाळातील सर्वोच्च शौर्य पुरस्कार'. हे वाचून डोळ्यांसमोर काय येतं? पुरात दोर टाकणारा जवान. मग ज्याने छातीवर गोळ्या झेलल्या त्याला 'शांतताकाळातलं' पदक मिळालं म्हटल्यावर माणूस भडकणारच. माझं चाललं तर हा शब्द मी बातम्यांतून हद्दपार करीन.

दोन्ही पदकांच्या मूळ व्याख्या शेजारी ठेवून वाचा. असामान्य शौर्य, धाडस, आत्मबलिदान. मजकूर जवळपास तोच. फरक एका तुकड्याचा आहे. परमवीर 'शत्रूसमोर' गाजवलेल्या शौर्यासाठी, अशोक 'शत्रूसमोर नसताना' गाजवलेल्या शौर्यासाठी. सगळा गोंधळ या 'शत्रू'पाशी आहे, कारण तो आपल्या बोलण्यातला शत्रू नाही. आपल्या लेखी बंदूक रोखणारा प्रत्येक जण शत्रू. या व्याख्येतला शत्रू म्हणजे, ढोबळमानाने, समोर उभं ठाकलेलं परकं सैन्य. देशाच्या हद्दीत शिरलेला किंवा इथेच लपलेला दहशतवादी त्यात बसत नाही.

दोन नावं घेऊ. कॅप्टन विक्रम बत्रा, जुलै १९९९, कारगिलमधला पॉइंट ४८७५. हवालदार हंगपन दादा, मे २०१६, कुपवाड्याची शमशाबरी रांग. दोघेही उंच डोंगरावर, दोघांच्याही समोर पलीकडून आलेले लोक, दोघेही परतले नाहीत. बत्रांना परमवीर, दादांना अशोक. कारगिलच्या शिखरांवर पाकिस्तानी लष्कराची नॉर्दर्न लाइट इन्फंट्री बसली होती (इस्लामाबाद सुरुवातीला त्यांना मुजाहिदीन म्हणत होतं, ते सोडा). दादांसमोर होते ते घुसखोर अतिरेकी. दादांचं धाडस कुणी कमी लेखलेलं नाही. समोर कोण होतं एवढ्यावरच पदक बदललं.

'पण युद्ध जाहीर कुठे झालं होतं?' हा पुढचा प्रश्न ठरलेला. युद्ध जाहीर होण्याशी याचा संबंध नाही. २०२० मध्ये गलवानला युद्ध जाहीर नव्हतं, तरी समोर चिनी सैन्य होतं, म्हणून कर्नल संतोष बाबू यांना मरणोत्तर महावीरचक्र (शत्रूसमोरच्या शौर्यासाठीचं, परमवीरच्या खालचं पदक) मिळालं. सियाचीनवर नायब सुभेदार बाना सिंग यांना १९८७ च्या कामगिरीसाठी परमवीर मिळालं, तेव्हाही युद्ध नव्हतं.

सीमा आपलीच असायला हवी असंही नाही. कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया १९६१ मध्ये काँगोत, संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत कटंगा या फुटून निघालेल्या प्रांताच्या सशस्त्र दलाशी लढताना गेले. मेजर रामस्वामी परमेश्वरन १९८७ मध्ये श्रीलंकेत एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेशी लढताना. दोघांनाही परमवीर. एलटीटीई हे कुठल्या देशाचं सैन्य नव्हतं, हे मान्य. माझी ढोबळ व्याख्या इथे तोकडी पडते. पण तिथे आपलं सैन्य परदेशात मोहिमेवर उतरलं होतं. देशातल्या दहशतवादविरोधी कारवाईला ते उदाहरण चिकटवू नका.

उलट बाजूने बघायचं तर गिरगाव चौपाटीवर या. सहायक फौजदार तुकाराम ओंबळे, हातात फक्त लाठी. २६/११ च्या हल्ल्यातल्या कसाबच्या रायफलीची नळी त्यांनी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या पोटात घेतल्या, पण पकड सोडली नाही. म्हणून तो जिवंत सापडला. त्यांना अशोकचक्र. परमवीर हे सैन्यदलांचं पदक. अशोक पोलिसाला मिळतं, सामान्य नागरिकालाही मिळतं. हवाईसुंदरी नीरजा भनोत यांना मिळालं ते हेच.

शौर्यपदकांच्या मानक्रमात परमवीर पहिलं आणि अशोक त्याच्या लगेच खाली, हे खरं आहे, लपवत नाही. पण या दोन समांतर शिड्या आहेत: परमवीर, महावीर, वीर ही एक आणि अशोक, कीर्ती, शौर्य ही दुसरी. एका शिडीवरून दुसरीवर उडी मारता येत नाही. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक २०१५ मध्ये कुपवाड्यात अतिरेक्यांशी लढताना गेले, त्यांना मरणोत्तर शौर्यचक्र मिळालं. तक्रार करायचीच असेल तर 'कीर्ती किंवा अशोक का नाही' अशी करा, ती निदान वाद घालण्याजोगी आहे. 'परमवीर का नाही' हा प्रश्न तिथे लागूच होत नाही.

फितींचे रंग वगैरे सोडून देतो, ते फोटोत दिसतात.

आणि एक. 'मरणोत्तर' ही वेगळी श्रेणी नव्हे. पदक तेच, फक्त घ्यायला घरचं माणूस येतं. तरी 'परमवीर' दिसलं की लोक पुढे बिनदिक्कत 'शहीद' जोडतात. रामा राघोबा राणे यांच्या नावामागेही मी ते वाचलंय. राण्यांनी १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी वाटेवरचे सुरुंग आणि अडथळे काढून रणगाड्यांना रस्ता करून दिला आणि त्यानंतर ते १९९४ पर्यंत जगले. १९६२ मध्ये पँगाँगकाठी लढलेल्या मेजर धनसिंग थापांच्या बाबतीत तर सरकारचीच गफलत झाली होती. ते मारले गेले असं समजून परमवीर मरणोत्तर म्हणून जाहीर झालं. थापा चिन्यांच्या कैदेत होते. १९६३ मध्ये सुटून परत आले आणि कागदावरचं 'मरणोत्तर' खोडावं लागलं.