मेटल डिटेक्टरने जुनी नाणी सापडली तर : ठाणे-नवी मुंबईत सूचना कुठे आणि कशी द्यायची

जमिनीत पुरलेली किमती वस्तू म्हणजे गुप्तधन, आणि त्याला निखात निधी कायदा, १८७८ लागू होतो. हा कायदा शोधाआधी परवाना मागत नाही, सापडल्यावर सूचना मागतो. ऐवज दहा रुपयांहून जास्त किमतीचा असला की सूचना द्यावीच लागते, आणि ही मर्यादा आजही तीच आहे. तांब्याची साधी शिवराईसुद्धा बाजारात याहून महाग जाते, त्यामुळे ‘एकच तर नाणं’ ही सबब चालत नाही.

आधी जमीन कोणाची ते पाहा. खाजगी जागा असेल तर सातबारा किंवा मालमत्ता पत्रक काढा आणि मालकाची लेखी संमती घ्या, कारण पुढे वाटणीत त्याचाही हक्क येतो. नवी मुंबईत मोकळा दिसणारा भूखंड बहुधा सिडकोचा असतो. अंबरनाथच्या शिवमंदिरासारख्या संरक्षित स्मारकाच्या आवारात, येऊरच्या जंगलात आणि ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्यात डिटेक्टर नेऊच नका.

आधी अनेकांनी धुंडाळलेल्या जागेत उरलेली नाणी बहुतेक खिळे-पत्र्यांच्या आड असतात. मोठी कॉइल (डिटेक्टरची जमिनीवरून फिरवायची तबकडी) लोखंड आणि नाणं एकत्रच ऐकते, म्हणून पाच-सहा इंचांची कॉइल लावा, डिस्क्रिमिनेशन, म्हणजे लोखंडाचा आवाज गाळणारी सेटिंग, उतरवा आणि हात अगदी सावकाश फिरवा. तीच पट्टी पुन्हा काटकोनात घ्या. खिळ्याशेजारचं नाणं पुष्कळदा एकाच दिशेने बोलतं. इथल्या काळ्या दगडाच्या मातीत ग्राउंड बॅलन्स (मातीचा स्वतःचा आवाज वगळायची जुळवणी) वारंवार करावा लागतो, खाडीकाठच्या खारट ओल्या जमिनीत तर जास्तच. नाणं वर आलं की जागेवरच फोटो, खोली, तारीख आणि मोबाइलवरचं अक्षांश-रेखांश टिपा. चौकशीत हेच विचारलं जातं आणि आठवणीवर सांगितलेली जागा टिकत नाही.

सूचना जिल्हाधिकाऱ्यांकडे, लेखी आणि शक्य तितक्या लवकर द्यायची. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतची नवी मुंबई ठाणे जिल्ह्यात येते, तिथला अर्ज ठाण्याच्या कलेक्टर कचेरीत. खारघर, कामोठे, पनवेल, उलवे हा भाग रायगडचा, त्याचा अर्ज अलिबागला. चुकीच्या जिल्ह्यात दिलेला अर्ज फिरत राहतो आणि उशिराचा ठपका शोधणाऱ्यावर येतो.

अर्जात कायद्याने मागितलेल्या गोष्टी मोजक्याच : काय सापडलं, किती आणि अंदाजे किंमत काय, कुठे, कोणत्या तारखेला. सोबत आधार कार्डाची प्रत, जमिनीचा उतारा, मालकाची संमती, नाण्यांच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि प्रत्येकाचं वजन जोडलं तर पुढचे हेलपाटे वाचतात. शिवाय ऐवज जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायचा, किंवा मागितल्यावर हजर करू असा जामीन द्यायचा. यातलं काय करणार ते अर्जातच लिहा. आवक शाखेतून शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

त्यानंतर जाहीर सूचना निघते. दावेदारांनी हजर राहण्याची तारीख तिच्यापासून चार ते सहा महिन्यांच्या आतली असते. जागा दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर त्यालाही स्वतंत्र नोटीस जाते. ऐवज गेल्या शंभर वर्षांत पुरलेला वाटला आणि तसा दावेदार आला, तर दिवाणी दाव्यासाठी वेळ दिला जातो. बेवारस ठरल्यावर जागेचा मालक पुढे आला नाही, तर सगळं शोधणाऱ्याला. आला आणि दोघांत वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला, उरलेलं मालकाला.

सरकार ऐवज स्वतःकडे ठेवू शकतं, पण मोबदला धातूच्या किमतीवर मिळतो, वर तिचा एक पंचमांश. संग्राहकांचा भाव इथे धरत नाहीत. १९३९ पर्यंतच्या ब्रिटिश चांदीच्या रुपयात ११.६६ ग्रॅम वजनापैकी बाराव्या भागाइतकी भेसळ, बाकी चांदी, म्हणून त्याचे थोडेफार पैसे येतात. तांब्याच्या नाण्यांवर फार आशा ठेवू नये.

सूचना दडवली, किंवा ओळख पुसावी म्हणून नाणी वितळवली, तर वाटा सरकारजमा होतो, शिवाय एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. म्हणून सराफाकडे जाऊ नका. चिंच-लिंबाने चकाकीही आणू नका, वाचता येणारी अक्षरं त्यातच जातात. माती सुकू द्या आणि प्रत्येक नाणं वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा. मऊ पीव्हीसीच्या पिशवीत तांब्यावर हिरवं चढतं.

नाणं रीतसर हाती आलं तरी शंभर वर्षांहून जुनं असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली खाजगी व्यक्तीला ते परदेशी पाठवता येत नाही, आणि अशा वस्तूंच्या विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो.